पंधरा जणी, बारा जागा

त्या मे महिन्यात शिबिरात आम्ही पंधरा जणी होतो आणि संघात जागा होत्या बारा. बायकांच्या बास्केटबॉलची व्यावसायिक लीग पहिल्यांदाच होणार होती. त्यातला एक संघ चंद्रपूरचा, कारण ज्याने तो विकत घेतला तो माणूस चंद्रपूरचा, कोळशाच्या वाहतुकीतला. सहा आठवडे सराव, मग बारा जणींची यादी, आणि पावसाळा संपला की सामने. पंधरातल्या तेरा जणी बाहेरच्या होत्या. केरळच्या, तमिळनाडूच्या, दिल्लीच्या, दोघी पुण्याच्या. राहिलेल्या दोघींपैकी एक मी.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. कोरपन्याच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. नवऱ्याची कापसाची शेती, पाच वर्षांची मुलगी, आणि सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला डावा गुडघा. निवड चाचणीचा फॉर्म मी भरला तेव्हा शाळेतल्या सहकारी शिक्षिका हसल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, सुट्टीत काहीतरी विरंगुळा पाह्यजेच." घरी मात्र नवऱ्याने फॉर्म वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "जा तू. कापूस काही तुह्या उड्या पाहून उगवत नाई. पेरणीचं मी पाह्यतो, पोरीचंही पाह्यतो." चाचणीत माझी निवड झाली याचं सर्वांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

शिबिरातली दुसरी स्थानिक खेळाडू एकोणीस वर्षांची मुलगी होती. भामरागडच्याही पुढे, नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावातली. आश्रमशाळेच्या अंगणात कोणीतरी लोखंडी खांबाला रिंग ठोकून दिली होती, तिच्यावर ही शिकली. उंची फार नव्हती, पण उडी अशी की रिंगला लागून परत आलेला चेंडू इतरांच्या हातांच्या वर, हवेतच तिच्या हाती लागायचा. बोलायची फार कमी. मराठी तिने शाळेत शिकलेली, घरची भाषा माडिया. पहिल्या दिवशी जेवताना ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, हे भात खाऊन संपल्यावर अजून देतात का?"

"बाई" ऐकून पुण्याच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांच्याकडे बाई म्हणजे कामाला येणारी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी त्यांना काही सांगितलं नाही. हिला मात्र म्हटलं, "देतात. पोटभर खा. उद्या धावा लागते."

चंद्रपूरचा मे बाहेरच्यांना सोसत नाही. पत्र्याच्या छताचं सभागृह होतं, म्हणून पहाटे साडेपाचला एक सराव आणि ऊन कलल्यावर दुसरा. आमच्या कोच केरळच्या, पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कधी न हसणाऱ्या. मोडक्या हिंदीत बोलायच्या आणि शिटी तोंडात ठेवूनच रागवायच्या. पहिला आठवडाभर त्यांनी चेंडूला फारसा हातच लावू दिला नाही. कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं, रेषेला हात लावायचा, परत. दिल्लीची एक गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारी खेळाडू, जी आमच्यात सर्वांत वेगवान होती, ती तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली. मी पडले नाही. उन्हाची सवय एवढीच काय ती माझी जमेची बाजू.

दुसऱ्या आठवड्यात संघाच्या मॅनेजरने आम्हा दोघींना बोलावलं. मॅनेजर म्हणजे मालकाचा माणूस. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड. तो म्हणाला, "लीगचा नियम आहे. प्रत्येक संघात एक तरी स्थानिक खेळाडू लागते. तर तुमच्या दोघींतून एक राहील. छान खेळा, मस्त टक्कर होऊ द्या."

म्हणजे बारा जागांपैकी अकरा त्या तेरा जणींच्या, आणि एका जागेसाठी आम्ही दोघींनी एकमेकींच्या अंगावर जायचं. त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मी मान डोलावून बाहेरही आले. बाहेर आल्यावर रागाने माझे कान गरम झाले.

मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, तुमचं वय झालं. तुमाले जागा पाह्यजे असन. मी पुढच्या वर्षी येतो."

हे ती मनापासून बोलत होती, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "तुले राग नाई येत?"

"येते."

"मंग ऐक. मी तुह्यासंगं नाई खेळत. तू माह्यासंगं खेळू नको. त्या तेराजणी आहेत ना, त्यायच्यातल्या तिघीयले मागं टाकू. दोन जागा घेऊ. एक नाई."

तिने थोडा विचार केला. "हाव," म्हणाली. आमचं ठरलं ते एवढंच.

त्यानंतर आम्ही दोघी सराव संपल्यावर अर्धा तास थांबू लागलो. रिंगखाली जागा कशी अडवायची, पाठीने समोरचीला कसं बाहेर ढकलत न्यायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ती फक्त उडायची. मी तिला जमिनीवर उभं राहायला शिकवलं. तिने मला शिकवलं ते सांगता येण्यासारखं नाही. म्हणजे, ती चुकली तर चुकल्याचा चेहरा करायची नाही. चेंडू गेला की परत फिरायची, बस. मी आयुष्यभर प्रत्येक चुकीनंतर बाकावर कोण बसलंय त्याच्याकडे बघत आले होते.

चौथ्या आठवड्यात फोटोचा दिवस आला. लीगच्या जाहिरातीसाठी बाहेरून माणसं आली होती, दिवे, छत्र्या, पंखे घेऊन. बाकीच्या तेरा जणी नवीन जर्सी घालून एकेक करून उभ्या राहिल्या, कोणी चेंडू बोटावर फिरवत, कोणी हाताची घडी घालून. आम्हा दोघींसाठी एक वेगळी पेटी उघडण्यात आली. त्यात कवड्यांच्या माळा, मोरपिसं, गुडघ्यापर्यंत नेसायचं लाल काठाचं लुगडं, आणि एक शिंगांचा मुकुट.

मॅनेजर म्हणाला, "जंगलाचा जिल्हा आहे आपला. तो फील यायला पाहिजे."

आता खरं सांगते. माझे आजोबा नागभीडकडचे, धानाचे शेतकरी. वडील राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत फिटर होते. मी खाणीच्या वसाहतीत, क्वार्टरमध्ये वाढले. लाल काठाचं असं लुगडं आमच्या घरात कोणी नेसलं नव्हतं आणि कवड्या मी जत्रेतच पाहिल्या होत्या. तरी माझा हात त्या माळेकडे गेला. कोणी काही घाल म्हटलं की घालायचं, उभी राहा म्हटलं की उभं राहायचं, ही सवय अंगात मुरलेली होती. माळ माझ्या हातात होती तेव्हा ती मुलगी म्हणाली,

"मी नाई घालत."

मॅनेजर हसला. "अगं, तुमचंच तर आहे."

तिने शिंगांचा मुकुट उचलला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला. "हे पुरुषाचं होय. नाचात घालतात. अन् आमच्याकडं नाई, तिकडं बस्तरकडं."

"लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"मले कळते," ती म्हणाली.

मग ती हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून बोलली. "माही आजी कवड्या घालते. तिचं काम असते तेव्हा घालते. मी इथी खेळाले आली. त्या पोरीयले जे कपडे देले तेच मले द्या."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मोठी आहे, समजावेल, अशी त्याची अपेक्षा असणार. मी माळ पेटीत ठेवली. "मले बी नाई घालायचं," मी म्हटलं. माझा आवाज कापला होता, हे मला अजून आठवतं. आणि तिचा कापला नव्हता, हेही.

तो दिवस आमच्या फोटोशिवाय गेला. मॅनेजर कोचकडे गेला, या दोघींना सांगा म्हणाला. कोचने घड्याळ पाहिलं. फोटो माझं काम नाही, प्रॅक्टिसला उशीर होतोय, म्हणाल्या, आणि शिटी वाजवली. त्या आमच्या बाजूने बोलल्या असं मला वाटलं नाही. त्या विरुद्ध बोलल्या नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे सभागृहाच्या फाटकावर चौकीदाराने आम्हाला अडवलं. बिचारा ओशाळला होता. "बाई, तुमा दोघीयले आत सोडू नका म्हणून सांगतलं. चर्चा होईपर्यंत. मी काय करू जी?" बाकीच्या जणी आमच्या शेजारून आत गेल्या. दोघी-तिघींनी थांबून पाहिलं. आतून चेंडूचे आवाज यायला लागले.

मुलगी म्हणाली, "मंग आता घरी जायचं का?"

"हाव," मी म्हटलं. "पण माह्या."

पहिल्या एसटीने आम्ही राजुऱ्याला गेलो आणि तिथून ऑटोने खाणीच्या वसाहतीत. आईने दार उघडलं, आमच्या बॅगा पाहिल्या आणि काही न विचारता चहा ठेवला. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "पोरगी पोळी खाते का भात?" वडील निवृत्त झाले असले तरी ते दोघं तिथेच भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि खोलीसमोरच वसाहतीचं सिमेंटचं कोर्ट होतं. मी त्याच कोर्टावर शिकले. तिथे चेंडू दहा मिनिटांत काळा होतो आणि पाठोपाठ हात. कोळशाची धूळ कितीही झाडली तरी दुपारपर्यंत परत येते.

तीन दिवस आम्ही तिथे सराव केला. कोचचं वेळापत्रक मला पाठ होतं. साडेपाचला धावणं, मग पास, मग रिंगखालची झुंज, मग फ्री थ्रो, म्हणजे रेषेवर उभं राहून मोकळा मारायचा नेम. तो धापा लागलेल्या अवस्थेतच मारायचा, असा कोचचा कायदा. रात्रपाळी संपवून येणारे खाणकामगार थांबून बघायचे. त्यातल्या चौघांनी आमच्याविरुद्ध खेळायची तयारी दाखवली. उंच, दांडगी माणसं, थकलेली, हेल्मेटचे वळ कपाळावर. पहिल्या दिवशी ते हात राखून खेळले. मुलीने त्यातल्या एकाच्या डोक्यावरून चेंडू काढून घेतला, तेव्हा बाकीचे तिघं खदखदून हसले आणि मग कोणी हात राखला नाही. माझा गुडघा संध्याकाळी सुजायचा. आई मिठाच्या गरम पाण्याने शेकून द्यायची आणि वडील दारात बसून म्हणायचे, "उद्या डावीकडून जास्त फिरू नको. मी पाह्यलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी कोचचा फोन आला. त्यांच्या हिंदीत त्या म्हणाल्या, "मला सांगितलं तुम्ही दोघी आजारी आहात. कसला आजार?"

मी सांगितलं, आजार नाही, फाटक बंद आहे.

पलीकडून त्यांनी विचारलं, "कुठे आहात? सराव बंद आहे?"

"चालू आहे. सकाळ-संध्याकाळ."

"उद्या साडेपाच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पहाटेच्या साडेपाचला पोचायला एसटी नव्हती. त्या चार कामगारांतला एक आपल्या मोटरसायकलवर आम्हा दोघींना बसवून चंद्रपूरला घेऊन आला. फाटकापाशी कोच स्वतः उभ्या होत्या. चौकीदाराने दार उघडलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, माझ्या बुटांवरची काळी धूळ पाहिली आणि म्हणाल्या, "पुसून आत या. कोर्ट खराब होईल." मॅनेजरशी त्यांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. तो त्यानंतर आमच्याशी सरळ बोलला नाही, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत बोलायचा.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी यादी लागली. मुलीचं नाव चौथं होतं, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत. तिने नाव वाचलं, मग खाली बोट फिरवत गेली, बाराव्यापर्यंत. मग वळून माझ्याकडे पाहिलं. माझं नाव नव्हतं.

मी कोचच्या खोलीत गेले. त्यांनी बसायला सांगितलं, मी बसले नाही. त्या स्पष्ट बोलल्या आणि त्याचं मला आजही कौतुक वाटतं. "तू चांगली खेळतेस. डोक्याने खेळतेस. पण सामना चाळीस मिनिटांचा असतो आणि तुझा गुडघा चाळीस मिनिटं टिकत नाही. तुला ठाऊक आहे."

"चाळीस नको मला," मी म्हटलं. "बाराव्या खेळाडूला कोणी चाळीस देतं का? आठ द्या. सामन्यात आठ मिनिटं अशी येतात की तुमची पहिली गार्ड दमलेली असते आणि समोरची दमलेली नसते. ती आठ मिनिटं मी सांभाळते."

"आणि नाही सांभाळली तर?"

"उद्या सकाळी पाहा. तुमच्या पहिल्या पाच जणींविरुद्ध. नाही जमलं तर मी स्वतः बॅग उचलते."

मी माझ्या आयुष्यात कोणाशी असं बोलले नव्हते. वडिलांशी नाही, नवऱ्याशी नाही, मुख्याध्यापकांशी तर नाहीच. कोचने पेन खाली ठेवलं. "साडेपाच," त्या म्हणाल्या. त्या बाईंना दुसरी वेळच माहीत नव्हती.

रात्री मुलगी माझ्या खाटेशी आली. "बाई, उद्या मी तुमच्या विरुद्ध हावो."

"मग?"

"मी सोडणार नाई."

"सोडशील तर याद राख," मी म्हटलं.

सकाळी माझ्या बाजूला राखीव चार जणी आणि समोर पहिल्या पाच. माझं काम एकच होतं, दिल्लीच्या गार्डला चेंडू पुढे आणू द्यायचा नाही. तिच्यापेक्षा मी दहा वर्षांनी मोठी आणि निम्म्या वेगाची. पण सहा आठवडे मी तिला रोज पाहत होते. उजवीकडे घुसण्याआधी ती चेंडू दोनदा जोरात आपटायची. डावीकडे जायचं असेल तर तशीच सुटायची. शाळेत पोरांच्या खोड्या ओळखण्यात माझी दहा वर्षं गेली आहेत. दोनदा आपटला की मी उजवीकडे आधीच उभी असायची. पहिल्यांदा तिचा चेंडू माझ्या पायाला लागून बाहेर गेला. दुसऱ्यांदा थेट माझ्या हातात आला. तिसऱ्या वेळी तिने चिडून मला धडक दिली आणि शिटी माझ्या बाजूने वाजली.

चौथ्या मिनिटाला मी चेंडू घेऊन एकटीच रिंगखाली पोचले. समोर कोणी नव्हतं. मी हात वर नेला आणि चेंडू सोडला, आणि मागून ती माडिया मुलगी अशी उडाली की तिने तो रिंगला पोचायच्या आत भिंतीपर्यंत मारला. मी पडले. गुडघ्यात कळ गेली. तिने हात दिला, मला उठवलं आणि मागे धावली. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की कळ विसरायला झालं.

आठ मिनिटांनंतर आम्ही तीन गुणांनी हरलो होतो. मी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी होते. कोचच्या वहीत दिल्लीच्या गार्डच्या नावापुढे पाच फुल्या होत्या, पाच वेळा चेंडू गमावल्याच्या. त्यांनी भिंतीवरची यादी काढली, बारावं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. मॅनेजर दारात होता. "दोन स्थानिक?" तो म्हणाला. "नियमाला तर एकच लागते."

"नियमाच्या कागदावर हवी ती एक लिहा," कोच म्हणाल्या. "मला बारा जणी मिळाल्या."

जिचं नाव खोडलं ती पुण्याच्या दोघींतली एक होती. दुपारी ती बॅग भरत होती. तिला रडू आवरत नव्हतं. मी तिची एक बॅग ऑटोपर्यंत नेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मला वाईट वाटलं, रात्रीपर्यंत वाटत राहिलं. पण जागा परत द्यावी असं एकदाही वाटलं नाही. बत्तीस वर्षांत मी भांडून मिळवलेली ती पहिलीच गोष्ट होती.

जर्सीतले आमचे फोटो पुढे दोन आठवड्यांनी, घाईघाईत, सभागृहाच्या मागच्या भिंतीसमोर काढले. मुलगी त्यात हसलेली नाही. मीही नाही. शाळा सुरू झाली तेव्हा मी शाळा आणि सराव अशी दोन्ही टोकं ओढत राहिले. मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जावर सही करताना विरंगुळा हा शब्द पुन्हा काढला नाही.

पहिला सामना आम्ही जिंकलो. मुलीने रिंगखाली कोणालाच काही मिळू दिलं नाही. मला कोचने तिसऱ्या भागात उतरवलं आणि सहा मिनिटांनी बाहेर बोलावलं. आठ नाही, सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला, गुडघ्याला पट्टी बांधून, मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि राहिलेली दोन मिनिटं मागितली.